शांत जिल्ह्यात सुरक्षित कोण? रत्नागिरीच्या 'शांतते'चा इतिहास

रत्नागिरीबद्दल एक वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे: "आपला जिल्हा शांत आहे." बदली होऊन आलेला अधिकारी हे म्हणतो, निवृत्तीनंतर शहरात फ्लॅट घेणारा चाकरमानी म्हणतो, पर्यटकांना खोल्या देणारा मालकही म्हणतो. पुरावेही लगेच दिले जातात. मांडवीच्या जेटीवर रात्री उशिरापर्यंत कुटुंबं बसलेली असतात. मारुती मंदिराहून साळवी स्टॉपकडे मुली क्लास सुटल्यावर एकट्या स्कूटीवरून जातात. गावाकडे अजून दिवसा घराला कुलूप लागत नाही.

यातलं काहीही खोटं नाही. आम्हीही याच जिल्ह्यात राहतो आणि या शांततेचा वाटा आम्हालाही मिळतो. पण बाबासाहेबांच्या विचारांवर वाढलेल्या माणसाने कोणतंही कौतुक ऐकलं की दोन प्रश्न विचारायचे असतात. हे कोण सांगतंय? आणि यात कोण मोजलं गेलं नाही?

सुरक्षितता ही माणसाच्या मनातली भावना असते आणि गुन्हा ही सरकारी वहीतली नोंद असते. कशाची भीती बाळगायची हे समाज शिकवतो आणि कशाला गुन्हा म्हणायचं हे ज्यांच्या हातात वही असते ते ठरवतात. म्हणून 'शांत रत्नागिरी' हे समजून घ्यायचं तर आजचे आकडे पुरणार नाहीत, इतिहासात जावं लागेल. आमचं म्हणणं थोडक्यात असं: या जिल्ह्यात आपल्याविरुद्ध वापरलं गेलेलं सर्वांत मोठं हत्यार बहिष्कार हे होतं आणि ते शेकडो वर्षं गुन्हा मानलंच गेलं नाही. जे गुन्हा नाही त्याची नोंद नाही, आणि ज्याची नोंद नाही त्या जागी 'शांतता' लिहिली जाते.

भीती कोणाची आणि कशाची?

शहर किती सुरक्षित आहे हे पाहणाऱ्या पाहण्या जगभर होतात. त्यांतले प्रश्न साधारण ठरलेले असतात. रात्री एकट्याने चालताना भीती वाटते का? घरफोडी होईल, गाडी चोरीला जाईल अशी काळजी वाटते का? हे प्रश्न योग्यच आहेत. पण रत्नागिरीतल्या माणसाला कोणी हे विचारतं का, की तुम्ही आडनाव सांगितल्यावर फ्लॅट भाड्याने मिळाला का? गावात कोणाची मयत झाली तेव्हा तुम्हाला कळवलं का? तुमच्या विहिरीकडे जाणारी पाखाडी अचानक 'खासगी' झाली का? ज्या माणसाला रात्री रस्त्यावर भीती वाटत नाही, पण दिवसा घरमालकाच्या दारात "पूर्ण नाव काय?" या प्रश्नाची धास्ती वाटते, त्याचं उत्तर या पाहणीत 'सुरक्षित' असंच नोंदलं जाईल.

दुसरी गोष्ट, भीती कोणाची वाटते ते पाहा. आंब्याच्या हंगामात हजारो नेपाळी माणसं या जिल्ह्यातल्या बागा राखायला येतात. मचव्यांवर नेपाळी खलाशी असतात. रस्त्याच्या आणि इमारतींच्या कामावर उत्तर कर्नाटकातले, बिहारचे, बंगालचे मजूर असतात. कुठे चोरी झाली की पहिली चर्चा त्यांचीच होते. "बाहेरचे आल्यापासून बिघडलं." ज्याच्या हातात आपण लाखो रुपयांचा हापूस राखायला देतो, त्याच्यावरच आपला पहिला संशय असतो. कातकरी माणसाकडे आणि मच्छीमारांच्या दाट वस्त्यांकडे बघण्याची नजरही हीच असते. भीती नेहमी खालच्या दिशेने वाहते. मालकाला मजुराची भीती वाटते, आणि मजुराला मालकाची वाटते त्या भीतीला कोणी भीती म्हणत नाही.

याचं टोक म्हणजे ब्रिटिशांनी १८७१ मध्ये केलेला गुन्हेगार जमाती कायदा. माणूस काय करतो हे न पाहता तो कोणत्या जमातीत जन्मला यावरून त्याला गुन्हेगार ठरवलं गेलं. हा कायदा १९५२ मध्ये गेला, पण त्या जमातींवरचा संशय अजून गेलेला नाही. एखाद्या समाजाला 'धोका' ठरवण्यासाठी गुन्हा घडावा लागत नाही, वही हातात असणं पुरतं.

गाव राखणारा आणि ज्याला कोणी राखलं नाही तो

आपल्या पूर्वजांचं गावातलं काम काय होतं? पाठ्यपुस्तकात 'बलुतेदार' असा एक शब्द येतो आणि धडा संपतो. महार वतनातली कामं नीट पाहिली तर त्यातली बरीचशी सुरक्षेची होती. गावाच्या शिवेची माहिती ठेवणं, रात्रीची राखण, चोराचा माग काढणं, सरकारी वसूल पोचवताना सोबत जाणं, आलेल्या अंमलदारापुढे धावणं, पाटलाचा निरोप तालुक्याला नेणं. म्हणजे गावाची रात्र ज्याच्या भरवशावर जात होती, तो माणूस गावकुसाबाहेर राहत होता.

१८६७ मध्ये मुंबई इलाख्यात ग्राम पोलीस कायदा आला. गावातला गुन्हा कळवण्याची जबाबदारी पोलीस पाटलावर आली. हे पद वतनी होतं, वरच्या घरांत बापाकडून मुलाकडे जाणारं. कोकणात त्यावर आणखी एक थर होता, खोतीचा. सारा वसूल करणारा खोतच कुळाचा मालक, सावकार आणि पुष्कळदा न्यायाधीशही होऊन बसला होता.

आता कल्पना करा. गावात चोरी झाली. पाटलाने तक्रार सांगितली आणि ती घेऊन पंधरा-वीस कोस चालत गेला तो महार. पण उद्या त्याच महाराच्या घरावर चाल झाली तर त्याने तक्रार कोणाकडे सांगायची? त्याच पाटलाकडे. आणि तालुक्याला घेऊन कोण जाणार? तोच. दुसऱ्यांच्या गुन्ह्यांच्या बातम्या आपल्या पायांनी पोचवणाऱ्या समाजाच्या स्वतःच्या दुःखाची बातमी कधी पोचलीच नाही. जिल्ह्याच्या जुन्या 'शांतते'चं हे पहिलं कारण.

म्हणूनच आपल्या चळवळीने पोलिसांत भरती ही मागणी फार लवकर केली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे पाठवलेल्या अर्जात सैन्याबरोबर पोलिसांतही घेण्याची मागणी होती. त्यात पोटापाण्याचा प्रश्न होताच. पण त्याहून मोठा प्रश्न होता तो नोंद करणाऱ्या हाताचा. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक आणलं त्यामागेही हीच दृष्टी होती. चोवीस तासांची चाकरी आणि बदल्यात दारोदार मागायचं बलुतं, या स्थितीत माणूस कोणाविरुद्ध साक्ष देणार? महार वतनं कायद्याने बंद व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं.

'शांत' हा सरकारचा आवडता शब्द

रत्नागिरी शांत आहे हे प्रशासनाने फार पूर्वी हेरलं होतं. १८८५ मध्ये ब्रिटिशांनी ब्रह्मदेश जिंकला आणि तिथल्या शेवटच्या राजाला, थिबाला, १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. हा बौद्ध राजा इथे तीस वर्षं नजरकैदेत राहिला. १९१० मध्ये त्याच्यासाठी राजवाडा बांधला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. पुढे १९२४ मध्ये सावरकरांना तुरुंगातून सोडताना रत्नागिरी जिल्ह्याबाहेर न जाण्याची अट घातली गेली आणि ते १९३७ पर्यंत इथे स्थानबद्ध होते.

दोन टोकांची ही दोन माणसं, पण सरकारने दोघांसाठी निवडलेली जागा एकच. कारण रेल्वे नव्हती, बाहेर जायचं तर बोट किंवा घाट. सरकारच्या लेखी जिथून आवाज बाहेर जात नाही ती जागा शांत असते. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती १९९८ मध्ये, म्हणजे ही तुटलेली अवस्था तशी फार जुनी नाही.

सावरकरांच्या काळात रत्नागिरीत सहभोजनं झाली आणि १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून पतितपावन मंदिर उभं राहिलं. शहराला त्याचा अभिमान आहे आणि "आमच्याकडे जातीयता कधीच संपली" असं सांगताना आजही या मंदिराचा दाखला दिला जातो. आम्हाला त्यावर एवढंच विचारायचं आहे. मंदिर उघडल्याने खोताच्या जमिनीवरचं कूळ निर्भय झालं का? वतनाची चाकरी सुटली का? रत्नागिरी जिल्ह्याची बहिष्कृत परिषद १९२९ च्या एप्रिलमध्ये चिपळूणला भरली, बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते, आणि त्याच वेळी तिथे शेतकऱ्यांची परिषद होऊन खोतीचा प्रश्न पुढे आला. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले, त्यात महार होते तसे कुणबीही होते. बाबासाहेबांनी सुरक्षिततेची चर्चा देवळाच्या पायरीवरून उचलून जमिनीच्या बांधावर नेली. ज्याचं घर, शेत आणि वाट दुसऱ्याच्या मर्जीवर आहे तो कधीच सुरक्षित नसतो, मग जिल्ह्यात चोऱ्या कितीही कमी असोत.

महाड : अफवेने केलेला हल्ला

'धोका' कसा तयार केला जातो हे पाहायचं असेल तर शेजारच्या महाडकडे बघावं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक शिस्तीने चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. तळं सार्वजनिक होतं. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला होता आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये ते तळं सर्वांना खुलं केलं होतं. म्हणजे पाणी पिणारे कायद्याच्या बाजूने होते.

मग गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात घुसणार. तसा काही बेत नव्हता. तरीही काठ्या निघाल्या, मंडपात जेवत असलेल्या प्रतिनिधींना मारलं गेलं, परतीच्या वाटेवर असलेल्यांनाही गावोगाव अडवून झोडपलं गेलं. त्या दिवशी महाडातल्या सवर्णांना 'सुरक्षित वाटतं का' असं विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, "नाही, आमच्यावर संकट आलंय." त्यांची भीती खरी होती, पण तिच्यामागचं कारण खोटं होतं. मार मात्र खरा होता आणि तो भीती वाटणाऱ्यांना बसला नाही.

बाबासाहेबांचं वागणं इथे अभ्यासण्यासारखं आहे. त्यांच्यामागे लढाईचा अनुभव असलेले निवृत्त सैनिक होते. एका इशाऱ्यावर उलटा हल्ला झाला असता. त्यांनी तो होऊ दिला नाही. प्रकरण पोलिसांत नेलं, कोर्टात नेलं, आणि हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली. तळ्याचा दिवाणी दावा तर दहा वर्षं चालला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला. घडलेला अन्याय सरकारी वहीत लिहून घ्यायला लावणं हे त्यांच्या दृष्टीने दुय्यम काम नव्हतं, तो लढ्याचाच भाग होता.

बहिष्कार हा गुन्हा आहे, हे पहिल्यांदा कोणी म्हटलं?

महाडनंतर काठीपेक्षा वाईट गोष्ट सुरू झाली. गावोगाव माणसं वाळीत टाकली गेली. दुकानदार माल देईना, जमिनीवरून काढलं, वाट बंद केली. १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात या समितीने बहिष्काराची कारणं नोंदवली आहेत. कोणी चांगले कपडे घातले, कोणी दागिना घातला, कोणी जमीन विकत घेतली, कोणी नवरदेव घोड्यावर बसवून रस्त्याने नेला. एवढ्यावरून अख्ख्या वस्तीचं अन्नपाणी तोडलं जात होतं. उघड हिंसेपेक्षाही हा बहिष्कार जास्त परिणामकारक ठरतो, कारण तो दिसायला कायद्यात बसतो, असं समितीचं म्हणणं होतं.

हेच नेमकं मर्म आहे. दुकानदार म्हणतो, "माझा माल, मी विकणार नाही." गिरणीवाला म्हणतो, "आज बंद आहे." शेजारी म्हणतो, "मला बोलायचं नाही." एकेकट्याने पाहिलं तर कोणीच गुन्हा केलेला नाही. सगळ्यांनी मिळून एक माणूस संपवलेला आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम यांनी सांगून ठेवलं आहे की समाजाच्या सामूहिक मनाला जे डाचतं त्याला समाज गुन्हा म्हणतो. मग जो अन्याय सामूहिक मनच करतं, त्याला गुन्हा कोण म्हणणार?

ते बाबासाहेबांनी म्हटलं. पहिल्या गोलमेज परिषदेत त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची जी योजना मांडली, तिच्यात बहिष्काराची व्याख्या करून तो शिक्षापात्र गुन्हा ठरवावा अशी मागणी होती. बहिष्कार घालणं, त्याला चिथावणी देणं, त्याची धमकी देणं, सगळंच. ही कलमं त्यांनी १९२२ च्या ब्रह्मदेशातल्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतली होती. ज्या ब्रह्मदेशाचा राजा रत्नागिरीत कैदेत मेला, त्या देशात ब्रिटिशांनी आपलं राज्य टिकवण्यासाठी केलेला हा कायदा. बाबासाहेबांनी त्यातलं हत्यार काढून घेतलं आणि ते दुबळ्यांच्या हातात द्यायला सांगितलं.

पुढचा प्रवास तारखांनिशी लक्षात ठेवा, कारण वादात हा उपयोगी पडतो. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात, बहिष्काराची व्याख्या आली. घर किंवा जमीन न देणं, व्यवहार न करणं, नेहमीचे सामाजिक संबंध तोडणं, हे सगळं त्यात आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये समाजातून बहिष्कृत करण्याविरुद्ध केलेला कायदा मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द केला. अॅट्रॉसिटी कायदा १९८९ चा, आणि बौद्धांचा अनुसूचित जातींत केंद्राच्या पातळीवर समावेश झाला तो १९९० मध्ये. म्हणजे धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षं केंद्राच्या वहीत आपली जागाच रिकामी होती. २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा अॅट्रॉसिटी कायद्यात स्पष्ट शब्दांत गुन्हा झाला. आणि २०१६ मध्ये महाराष्ट्राने सर्व जातिधर्मांच्या लोकांसाठी सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

हा शेवटचा कायदा होण्यामागे रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या वाळीत प्रकरणांचा मोठा हात आहे. ती प्रकरणं फक्त बौद्धांची नव्हती. कुणबी, मच्छीमार आणि इतर समाजांतली कुटुंबं त्यांच्याच गावकीने वाळीत टाकलेली होती. कोणी गावकीची वर्गणी नाकारली, कोणी जातीबाहेर लग्न केलं, कोणी निवडणुकीत वेगळा उमेदवार दिला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ पासून जातपंचायतींविरुद्ध मोहीम चालवली. बाबासाहेबांनी १९३० मध्ये अस्पृश्यांसाठी जे मागितलं, त्याच तत्त्वाच्या आधाराने आज एखादं कुणबी कुटुंब पोलीस ठाण्यात जाऊ शकतं. बाबासाहेब फक्त 'त्यांचे' होते असं म्हणणाऱ्या गावकऱ्याला हे शांतपणे सांगा.

मग कोकणात रक्त कमी का सांडलं?

इथे एक आक्षेप हमखास येतो. "मराठवाड्यासारखं, विदर्भासारखं आमच्याकडे काही झालं नाही. खैरलांजी कोकणात घडली नाही." हे खरं आहे आणि त्याचा विचार करायला हवा. पण त्याचं श्रेय गावाच्या चांगुलपणाला देण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात.

एक, आपल्याला थोडंफार सुरक्षित केलं ते बाहेरच्या पगाराने. आधी पलटणीचं पेन्शन आलं. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीत राहिले आणि तिथून जातिभेदाविरुद्ध लिहू लागले. सुभेदार रामजीही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच होते. पेन्शन सरकारकडून येत होतं, खोताकडून नाही, म्हणून लेखणी उचलता आली. पुढे मुंबईच्या गिरण्या, गोदी, रेल्वे आणि महापालिका आल्या. परळ-नायगावच्या चाळीतून निघालेली मनिऑर्डर बौद्धवाडीत पोचायची, तेव्हा गावच्या दुकानदाराच्या बहिष्काराची धार थोडी बोथट व्हायची.

दोन, जिथे बहिष्कार पुरतो तिथे काठी उचलावी लागत नाही. वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या, जमिनीचे तुकडे लहान, पाणवठे मोजके, पाखाडी कोणाच्या तरी अंगणातून जाणारी. इथे माणसाला मारायची गरज नसते, वाट बंद केली की झालं. एखाद्या जिल्ह्यात हिंसा कमी आहे याचा अर्थ अन्याय कमी आहे असा होत नाही. तो अन्याय आवाज न करता करता येतो, एवढाच अर्थ होऊ शकतो.

आजची वही कोण लिहितो?

आता आजचं बोलू. आम्ही वाड्यांवर काम करताना जे वारंवार पाहतो ते असं. वाळीत टाकलेलं कुटुंब तक्रार घेऊन जातं. समोरचा माणूस विचारतो, "मारलं का? शिवी दिली का? मग गुन्हा कसला? गावातला विषय आहे, बसून मिटवा." फार लावून धरलं तर दोन्ही बाजूंवर शांतता राखण्याची प्रतिबंधक कारवाई होते. पूर्वीचं फौजदारी संहितेचं १०७ कलम, जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १२६. वहीत नोंद होते, 'दोन गटांत वाद'. एका बाजूला अख्खं गाव आणि दुसऱ्या बाजूला एक घर असताना, सरकारी भाषेत ते 'दोन गट' होतात. शिमग्यात पालखीच्या मानपानावरून वाद झाला की तिथेही हेच होतं. मनाई आदेश निघतो, उत्सव 'शांततेत' पार पडतो, आणि मान कोणाचा, अपमान कोणाचा हा प्रश्न पुढच्या वर्षावर ढकलला जातो.

यात २००७ मध्ये आलेल्या तंटामुक्त गाव मोहिमेने भर घातली. गावातले तंटे मिटले की गावाला बक्षीस. बांधाचा किंवा नळाचा तंटा मिटत असेल तर आनंदच आहे. पण जिथे तंटा नसण्याला बक्षीस आहे, तिथे तक्रार मागे घेण्याचा दबाव कोणावर येतो? ज्याच्या बाजूने गावात दहा माणसं उभी आहेत त्याच्यावर नक्कीच येत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे दरवर्षी येतात आणि आपण ते एकमेकांना पाठवतो. ते आकडे नोंदवलेल्या गुन्ह्यांचे असतात, घडलेल्या गुन्ह्यांचे नसतात. समाजशास्त्रात याला गुन्ह्याचा अंधारातला आकडा म्हणतात. जिल्ह्यात अॅट्रॉसिटीचे गुन्हे कमी नोंदले गेले तर त्याचे दोन अर्थ निघतात. एक तर अत्याचार कमी झाले, किंवा तक्रार करायची हिंमत आणि ती लिहून घ्यायची तयारी कमी होती. कोणता अर्थ खरा हे आकडा सांगत नाही. ते वाडीवर जाऊन विचारल्यावरच कळतं.

आपण काय करायचं?

तरुण कार्यकर्त्यांनो, आपल्याला इतिहास जयंतीच्या भाषणापुरता नको, कामासाठी हवा. म्हणून काही ठोस गोष्टी.

वाळीत टाकल्याचा पुरावा हा एका घटनेचा नसतो, तो साखळीचा असतो. कोणत्या तारखेला कोणी माल नाकारला, लावणीला कोणी आलं नाही, मयतीला कोणाला रोखलं, बैठक कधी झाली, मुंबई मंडळाने कोणता ठराव केला, हे तारीखवार वहीत लिहा. गावकीचं पत्र, मोबाईलवरचे निरोप, वर्गणीची पावती जपून ठेवा. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. तक्रारीत 'वाद' हा शब्द वापरू नका, 'सामाजिक बहिष्कार' हा कायद्यातला शब्द वापरा. तक्रारदार बौद्ध असेल तर जातीच्या दाखल्याची प्रत सोबत ठेवा.

अॅट्रॉसिटी कायद्याच्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. त्या बैठका झाल्या का, इतिवृत्त काय, हे माहितीच्या अधिकारात मागा. अत्याचार होण्याची शक्यता असलेली ठिकाणं ओळखून ठेवण्याची जबाबदारीही कायद्याने शासनावर टाकलेली आहे. आपल्या जिल्ह्यात ती कोणती, हेही विचारा. उत्तर 'निरंक' आलं तर ते कागदावर आलेलं बरं, पुढच्या वेळी तोच कागद दाखवता येतो.

आणि एक काम स्वतःशी. आंब्याच्या बागेतल्या नेपाळ्याकडे, रस्त्यावरच्या मजुराकडे, कातकऱ्याकडे आपणही त्याच नजरेने बघत नाही ना? ज्या नजरेने आपल्या आजोबांना गावाची राखण करूनही संशयित ठरवलं, ती नजर आपल्या डोळ्यांत आली तर आपण बुद्धाचं आणि बाबासाहेबांचं नाव घेण्याला अर्थ उरणार नाही. दुसरा वाळीत टाकलेला माणूस कुठल्याही जातीचा असो, त्याच्या तक्रारीसोबत ठाण्यापर्यंत जाणं हे आपलं काम आहे.

रत्नागिरी शांत राहावी असं आम्हालाही वाटतं. पण ज्या दिवशी बौद्धवाडीतलं एखादं घर गावाविरुद्ध एकटं उभं राहून तक्रार देईल आणि दुसऱ्या दिवशी त्याला दुकानात साखर मिळेल, गिरणीत दळण मिळेल, वडाप त्याच्यासाठी थांबेल, त्या दिवशी हा जिल्हा शांत आहे असं आम्हीही म्हणू. तोपर्यंत कोणी "आपला जिल्हा शांत आहे" म्हणालं की एवढंच विचारा: वही कोणाच्या हातात आहे?

जयभीम! नमो बुद्धाय!